मिनिटाला अठ्ठावीस झोके

पांढरी पावडर पाण्यात किती विरघळते, एवढा एकच आकडा हवा होता. कागदाला बुरशी लागू नये म्हणून कंपनीने एक नवी पावडर काढली होती. तिचं खरं नाव लिहायला दोन ओळी लागत, म्हणून सगळे तिला नुसतं ‘पांढरी’ म्हणत. पांढरी बाजारात न्यायची तर सरकारी फॉर्म भरणं आलं, आणि फॉर्मच्या सातव्या पानावर विचारलं होतं: वीस अंशांच्या पाण्यात, लिटरला किती ग्रॅम? शिवाय शुक्रवारी दुपारी खात्याच्या अधिकारी बाई स्वतः येऊन हा आकडा कसा काढला ते बघणार होत्या.

काम मिलीग्रॅमकडे आलं. मिलीग्रॅम हे अर्थातच तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. पूर्वी कधीतरी एका मिलीग्रॅमवरून ती भांडारवाल्याशी पाऊण तास भांडली होती, तेव्हापासून प्रयोगशाळेत तिला दुसरं नाव उरलं नव्हतं. बाळंतपणाची रजा संपवून ती कामावर आली त्याला आठच दिवस झाले होते. पहिल्याच दिवशी मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावून फार मायेने सांगितलं होतं, “आता घरी लहान मूल आहे. जागरणं असणार. तुम्हाला जरा निवांत काम देऊ या. वरच्या मजल्यावर, फायली लावायचं. खिडकी आहे तिथे.”

ज्या जागेबद्दल खिडकीपलीकडे सांगण्यासारखं काही नसतं, ती जागा कसली असते हे तिला कळत होतं.

“साहेब, मला माझं टेबलच बरं.”

“बघू. ही पांढरी करून दाखवा. शुक्रवारपर्यंत आकडा आला तर टेबल तुमचं. नाही आला तर काकांच्या फायलीत एक आहेच, तो घालू.”

काका म्हणजे प्रयोगशाळेतले सगळ्यात जुने रसायनतज्ज्ञ. काकांच्या फायलीत जगातल्या यच्चयावत पदार्थांचे आकडे होते. पांढरीसमोर ‘आठ’ असं लिहिलेलं होतं. तो आकडा खरं तर पांढरीचा नव्हता, तिच्यासारख्याच दुसऱ्या एका पावडरीचा होता. मिलीग्रॅमने हे दाखवून दिलं तेव्हा काका म्हणाले, “चुलत बहीण आहे ती. रक्त एकच.”

आता पद्धत. ऐकायला अगदी सोपी. बाटलीत पाणी घ्यायचं आणि विरघळेल त्याहून कितीतरी जास्त पावडर टाकायची, म्हणजे थोडी विरघळून बाकीची तळाशी बसून राहील. मग ती बाटली तीस अंशांच्या उबेत हळूहळू हलवत राहायची. मग एक दिवस वीस अंशांच्या कपाटात ठेवायची. मग वरचं पाणी गाळायचं, आटवायचं आणि मागे उरेल ते तोलायचं. अशा तीन बाटल्या: एक चोवीस तास हलवायची, दुसरी दोन दिवस, तिसरी तीन दिवस. दुसरी आणि तिसरी यांचे आकडे जवळपास सारखे आले तर काम झालं. तिसरीचा आकडा वर पळाला तर पांढरी अजून विरघळतेच आहे असं समजायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. यात अवघड असं काहीच नाही. फक्त तीन दिवस सतत हलवणारं कुणीतरी हवं, आणि ते काम करणारा प्रयोगशाळेतला शेकर शनिवारी दुपारी जळक्या वासाचा एक सुस्कारा सोडून बसला.

मिलीग्रॅम भांडारात गेली.

“मोटार आहे,” भांडारवाला म्हणाला. “आधी जुनी जमा करा.”

“जुनी शेकरच्या पोटात आहे. उघडायला मेकॅनिक द्या.”

“शेकर नोंदीत ‘चालू’ आहे. चालू यंत्र मेकॅनिक उघडत नाही.”

“मग ‘बंद’ अशी नोंद करा.”

“करतो की. पण बंद यंत्राला मोटार कशाला देऊ?”

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंदसुद्धा नव्हता. नियम आपोआप जिंकतात असा एक शांत भाव होता फक्त. त्या मिलीग्रॅमचा हिशेब आज चुकता झाला, असं तिला वाटून गेलं.

रविवारी घरी हा विषय निघाला, आणि विषय घरी निघाला की तो आपला राहत नाही. सासूबाई शेंगा सोलत होत्या. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “अगं, एवढं काय त्यात? पाणी गरम कर. चटकन विरघळेल.”

“विरघळवायची नाहीये, आई. किती विरघळते ते बघायचंय.”

“म्हणजे तळाशी उरलेली तशीच ठेवायची?”

“हो. उरायलाच हवी.”

सासूबाईंनी शेंग खाली ठेवली. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात भांड्याच्या तळाशी काही उरू द्यायचं नाही हे त्यांचं एक साधं तत्त्व होतं, आणि सून तेच मोडण्याचा पगार घेते हे त्यांना आज कळत होतं.

समोरच्या वहिनी वाटी परत द्यायला आल्या होत्या, त्या थांबल्या. “माझं वॉशिंग मशीन आहे ना! नाजूक कपड्यांवर लावलं की इतकं हळू फिरतं. माझी काचेची बांगडी एकदा साडीबरोबर गेली, तश्शी परत आली.”

नवरा म्हणाला, “पंख्याला बांधू या.” नवरा कुठल्याही अडचणीवर पहिला उपाय पंख्याचाच सुचवतो.

“तुम्ही सगळ्यांनी मिळून हलवा,” मिलीग्रॅम म्हणाली. “आठ आठ तासांच्या पाळ्या लावू.” हे ती रागाने म्हणाली होती, पण वहिनी गंभीरपणे म्हणाल्या, “मला सकाळची द्या. दुपारी माझी मालिका असते.”

एवढ्यात आतल्या खोलीत पिल्लू रडलं, आणि कुणी उठायच्या आत घरर्र आवाज करत त्याचा पाळणा आपला आपण झुलायला लागला. विजेवरचा पाळणा होता. नणंदेने दिलेला. रडणं ऐकू आलं की सुरू व्हायचा, पंधरा मिनिटं एका लयीत झुलायचा आणि थांबायचा. मिलीग्रॅम दारात जाऊन उभी राहिली. पाळणा जात होता, येत होता. हळू. एकसारखा. न थकता, पाळ्या न लावता.

“असं काय बघतेस?” नवरा म्हणाला. आणि मग त्यालाही कळलं. “नाही हं. ते लेकराचं आहे.”

“पाच दिवस फक्त.”

“आणि पिल्लू कुठे झोपणार?”

“माझ्या मांडीवर झोपेल,” सासूबाई म्हणाल्या. सुनेच्या कामाबद्दल त्यांना काडीचाही आदर वाटत नव्हता, पण भांडारवाल्याबद्दल ऐकल्यापासून त्या चिडल्या होत्या. “ने तू. त्या मेल्याच्या नाकावर टिच्चून ने. पण त्यात काही सांडलं तर पाळणा परत घरात घेणार नाही.”

घोडं पुढेच अडलं. पाळणा रडल्याशिवाय हलत नाही. म्हणजे तीन दिवस, दर पंधरा मिनिटांनी, कुणीतरी रडायला हवं. ते रडणं फोनमध्ये भरून न्यायचं ठरलं आणि सगळे पिल्लासमोर येऊन बसले. पिल्लू हसलं. नवऱ्याने भुवया आक्रसून भीती दाखवली, पिल्लू खिदळलं. वहिनींनी टाळी वाजवली, त्यानेही वाजवली. एरवी दाढीचा साबण दिसला तरी भोकाड पसरणारं मूल, घरातली चार माणसं त्याच्या रडण्याची वाट बघतायत म्हटल्यावर एखाद्या पाहुण्यासारखं प्रसन्न बसून होतं.

“चिमटा काढू का हळूच?” वहिनी म्हणाल्या.

“हात तर लावून बघा माझ्या नातवाला!” सासूबाई म्हणाल्या.

शेवटी पिल्लाने मिलीग्रॅमच्या हातातला फोन ओढून घेतला. तिने तो काढून घेतला मात्र, आणि असा टाहो फुटला की वा! पण काढून घेतलेला फोन तिने घाईत नवऱ्याच्या खिशात टाकला होता, त्यामुळे भरलं गेलं ते फक्त खिशातल्या किल्ल्यांचं वाजणं. दुसऱ्या वेळी फोन दोन घेतले, एक पिल्लाचा आणि एक कामाचा. या वेळी रडणं उत्तम आलं. त्याच्या मागे सासूबाईंचं “उगी रे बाळा उगी, दुष्ट आहे तुझी आई” हेसुद्धा स्वच्छ आलं, पण पुन्हा रडवायची कुणाची छाती झाली नाही.

सोमवारी सकाळी ती पाळणा घेऊन कंपनीच्या फाटकावर उभी राहिली. पहारेकऱ्याने वही उघडली.

“आत काय आहे?”

“काही नाही. रिकामा आहे.”

“मग नेताय कशाला?”

“भरायला.”

त्याने बराच वेळ विचार केला आणि लिहिलं: ‘पाळणा, रिकामा, एक.’

तीस अंशांची खोली म्हणजे प्रयोगशाळेच्या टोकाला असलेली, नमुने उबेत ठेवायची छोटी कोठडी. तिथे पाळणा उभा राहिला. तीन बाटल्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून मिलीग्रॅमने त्या पिल्लाच्या फ्लॅनेलच्या दुपट्यात गुंडाळून निजवल्या. फोन जवळ ठेवला, दर पंधरा मिनिटांनी वाजेल असा. पिल्लू रडलं, आजी “दुष्ट आहे तुझी आई” म्हणाली, आणि पाळणा घरर्र करत झुलायला लागला.

काका दारात येऊन बघत उभे राहिले. “आमच्या वेळी हाताने हलवायचे,” ते म्हणाले, पण त्यांचा आवाज नेहमीसारखा ठाम नव्हता. थोड्या वेळाने परत आले. “वेग काय याचा? फॉर्ममध्ये वेग लिहावा लागतो.”

“मोजायचा राहिलाय.”

काकांनी मनगटावरचं घड्याळ काढलं, स्टूल ओढलं आणि बसले. “अठ्ठावीस,” ते म्हणाले. “मिनिटाला अठ्ठावीस झोके. पुन्हा मोजतो.” पुन्हा अठ्ठावीसच आले. त्यानंतर काका चार दिवस दर दोन तासांनी जाऊन मोजत. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ज्या माणसाने तीस वर्षं दुसऱ्यांचे आकडे फायलीत लावले, त्याला स्वतः मोजलेला एक आकडा मिळाला होता, आणि तो दर वेळी तोच येत होता.

मिलीग्रॅमचा मात्र एक वेगळाच घोटाळा झाला. रडणं खोटं आहे, आपणच भरलंय, ते दुष्ट आईबद्दलचं वाक्य कुठे येतं हेसुद्धा पाठ आहे. तरी रडणं सुरू झालं की ती खुर्चीतून उठायची. प्रत्येक वेळी. पाय आधी उठायचे, डोकं मागाहून पोचायचं. पहिल्या दिवशी ती असं बत्तीस वेळा उठली. “अहो बसा, फोन आहे तो,” काका म्हणायचे. ती बसायची. पंधरा मिनिटांनी पुन्हा. बुधवारपर्यंत काकांनी ‘बसा’ म्हणणं सोडलं आणि नुसतं तिच्या टेबलावरची बाटली जरा आत सरकवून ठेवायला सुरुवात केली, उठताना धक्का लागू नये म्हणून.

एका इमारतीत तीन दिवस मूल रडतंय म्हटल्यावर कान टवकारणारच. मंगळवारी सकाळी फाटकावरच्या वहीत रात्रपाळीच्या पहारेकऱ्याची नोंद सापडली: ‘प्रयोगशाळेत मूल रडत आहे. दाराला कुलूप. आजी सोबत असावी.’ ही आजी वाचून पॅकिंगच्या बायकांची खात्रीच पटली की कंपनीने पाळणाघर काढलं, तेही सांभाळायला एक वयस्कर बाई ठेवून. दुपारच्या सुट्टीत त्यांच्यातली एक धीट बाई आत शिरली. मिलीग्रॅम वीस अंशांच्या कपाटात ठेवलेल्या पहिल्या बाटलीचं तापमान बघत होती, तिला पत्ताही नाही. त्या बाईने रडणं ऐकलं, दुपटं पाहिलं, आणि ते उचलून खांद्यावर घेतलं. पाठीवर थोपटलं तर आतून खळखळ असा आवाज आला.

“अगं बाई! पोट बिघडलंय का लेकराचं?”

काकांनी धावत जाऊन दोन्ही बाटल्या अलगद सोडवून घेतल्या. मोजणीच्या दृष्टीने काही बिघडलं नाही. थोपटणं हाही एक प्रकारे हलवण्याचाच भाग, असं मिलीग्रॅमने वहीत प्रामाणिकपणे लिहून टाकलं. पण ती बाई परत जाऊन काय बोलली कुणास ठाऊक. गुरुवारी सकाळीच मोठ्या साहेबांच्या टेबलावर पत्र आलं: पाळणाघर सुरू केल्याबद्दल पॅकिंग विभाग आपला ऋणी आहे, आमच्या अकरा मुलांची नावं आणि वयं खालीलप्रमाणे.

साहेब पत्र हातात धरूनच खाली आले. पाळणा बघून उभेच राहिले. पिल्लू रडलं. आजी बोलली.

“हे काय आहे?”

“शेकर, साहेब.”

“हा पाळणा आहे!”

“शेकरसारखा वापरतोय. मिनिटाला अठ्ठावीस झोके,” काका म्हणाले.

“उद्या सरकारी अधिकारी येणार आणि आपण त्यांना पाळणा दाखवणार? लोक हसतील! आजच्या आज बाहेर काढा.”

“तिसरी बाटली अजून तासभर झुलायची आहे, साहेब. संध्याकाळी घरी जाताना नेते.”

पण संध्याकाळी फाटकावर कळलं की आत आलेली वस्तू बाहेर न्यायला भांडारवाल्याची सही लागते, आणि भांडारवाला दुपारपासून रजेवर गेलाय, सोमवारी येईल. पाळणा आत राहिला.

शुक्रवारी सकाळी तिसऱ्या बाटलीचं पाणी गाळलं, आटवलं. आतापर्यंत पहिलीचा आकडा आला होता दोन पूर्णांक सहा, दुसरीचा तीन. तिसरीचा चार आला तर सगळंच मुसळ केरात, आणि सोमवारपासून फायली आणि खिडकी. मिलीग्रॅमने तोलायच्या काट्याचं काचेचं दार लावलं आणि श्वास रोखून उभी राहिली. काकाही रोखून उभे राहिले, काट्याला वारा लागू नये म्हणून, असं ते नंतर म्हणाले. आकडा थरथरला आणि स्थिरावला. तिने हिशेब केला. तीन पूर्णांक एक.

“तीन आणि तीन पूर्णांक एक,” काका पुटपुटले. “म्हणजे जुळले. आणि मी आठ घालणार होतो.”

तेवढ्यात बाहेर गाडी वाजली. अधिकारी बाई एक तास आधी आल्या होत्या.

त्यांच्या चष्म्याला दोरी होती आणि हातात वही. समोरचा जे बोलेल ते त्या लिहून घेत, नमस्कारसुद्धा लिहून घेतला असता. साहेब त्यांना घेऊन आले आणि तीस अंशांच्या खोलीपाशी जरा आडवे उभे राहिले. पण पाळणा साहेबांपेक्षा रुंद होता.

“हे काय?”

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. दाराशी पॅकिंगच्या पाच-सहा बायका उत्तराची वाट बघत जमल्या होत्या. “हे... आमचं पाळणाघर,” साहेब म्हणाले.

बाईंनी लिहून घेतलं. मग चष्मा वर करून विचारलं, “तीस अंशांच्या खोलीत? रसायनांच्या शेजारी मुलं ठेवता?”

“नाही, म्हणजे... मुलं अजून नाहीत.”

“पाळणाघर आहे, मुलं नाहीत,” बाई लिहिताना म्हणाल्या. “बरं. मग मोजणीचं साधन कुठे आहे?”

साहेबांनी जळक्या शेकरकडे बोट केलं. नोंदीत तो चालू होताच. मिलीग्रॅमच्या डोळ्यांसमोर सगळं चित्र उभं राहिलं. या शेकरचं बटण दाबलं की तो हलणार नाही, तो हलला नाही की तीन बाटल्या हलल्या नाहीत, आणि बाटल्या हलल्या नाहीत तर तीन आणि तीन पूर्णांक एक हे आकडे कुठून आले याला उत्तर नाही. मग काकांच्या फायलीतली चुलत बहीण.

“बाई, ते साधन नाही,” ती म्हणाली. तिचा आवाज तिला वाटलं त्यापेक्षा मोठा आला. “ते बिघडलंय. साधन हे आहे. हा पाळणा माझ्या घरचा आहे.”

“अहो!” साहेब म्हणाले.

“चालवून दाखवा,” बाई म्हणाल्या.

फोनमधलं रडणं लावलं. पिल्लू रडलं, आजी म्हणाली “दुष्ट आहे तुझी आई,” मिलीग्रॅमचे पाय सवयीने एक पाऊल पुढे गेले, आणि पाळणा झुलायला लागला. पॅकिंगच्या बायकांपैकी एकीला हसू फुटलं, तिने पदर तोंडात धरला. अधिकारी बाई हसल्या नाहीत. मनगटावरच्या घड्याळाकडे बघत त्या पुरतं एक मिनिट उभ्या राहिल्या.

“अठ्ठावीस,” त्या म्हणाल्या.

“अठ्ठावीसच!” काका जवळजवळ ओरडले. त्यांनी आपली फाइल उघडली. चार दिवसांची, दर दोन तासांची नोंद, खोलीच्या तापमानासकट. मिलीग्रॅमची वहीही बाईंनी पानापानाने वाचली. थोपटण्याच्या नोंदीपाशी जरा थांबल्या, पण पुढे गेल्या. शेवटी म्हणाल्या, “साधन कसं दिसतं हे आमच्या नियमात कुठे नाही. वेग सारखा हवा, ऊब सारखी हवी आणि आकडे जुळायला हवेत. जुळलेत.” मग साहेबांकडे वळल्या. “आता तुमचं ते पाळणाघर. माझ्या वहीत ‘आहे’ असं लिहिलं गेलंय. ते खोडायचं असेल तर कारण लिहावं लागेल.”

साहेबांनी दाराकडे पाहिलं. पाच-सहाच्या आता अकराजणी झाल्या होत्या.

“खोडू नका,” साहेब म्हणाले. “पुढल्या महिन्यापासून. वरच्या मजल्यावर जागा आहे. खिडकी आहे तिथे.”

सातवं पान टेबलावर आलं. आकडा लिहून झाला: तीन पूर्णांक एक. त्याच्या खाली मोजणाऱ्याची सही हवी होती. साहेबांनी सवयीप्रमाणे कागद काकांकडे सरकवला. इतकी वर्षं तिथे काकाच सही करत आले होते. काकांनी पेनचं टोपण काढलं, कागदाकडे पाहिलं, टोपण पुन्हा लावलं, आणि कागद आणि पेन दोन्ही मिलीग्रॅमपुढे ठेवलं.

“मी फक्त झोके मोजलेत,” ते म्हणाले.

तिने सही केली. पहिल्या नावापासून आडनावापर्यंत, सावकाश. सही चौकटीत मावली नाही, शेवटची दोन अक्षरं रेघेबाहेर गेली.

“दुसरा कागद घेऊ का?” तिने विचारलं.

अधिकारी बाईंनी पान उचलून शाईवर फुंकर घातली. “राहू दे,” त्या म्हणाल्या. “वाचता येतंय.”